गोणी आहे का हो रिकामी?

श्रावणातली गोष्ट, २०२५ सालची. दुपारची जेवणं उरकून मी पुढच्या व्हरांड्यात मेथी निवडत बसले होते. फाटकाची कडी वाजली. बघते तर शेजारच्या वहिनी. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या,

"गोणी आहे का हो एखादी रिकामी? गव्हाची असली तरी चालेल."

"आहे की! काय भरायचंय?"

"पिल्लं," वहिनी म्हणाल्या.

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली.

वहिनी काही दुष्ट बाई नाहीत, हे आधीच सांगते. आमच्या सावेडीच्या गल्लीत कुणाकडे आजारपण असलं की पहिला डबा त्यांच्याकडून जातो. पण त्यांच्या जिन्याखाली काळी नावाची गल्लीतली कुत्री व्याली होती. चार पिल्लं होती. एरवी गरीब असणारी काळी पिल्लं झाल्यापासून जवळ कुणाला फिरकू देत नव्हती. वहिनींचा सात वर्षांचा नातू सायकल घेऊन जिन्यापाशी गेला आणि ती अंगावर धावली. पोटरीला दाताचा ओरखडा आला. लगेच दवाखान्यात नेलं, लशीची इंजेक्शनं सुरू झाली. पोरगं रात्री झोपेत दचकून उठायला लागलं. आता सांगा, त्या घरच्या आजीने काय करावं?

त्यातच दिल्लीची बातमी आली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली भटकी कुत्री उचलून निवारागृहात ठेवा, असा आदेश दिला होता. टीव्हीवर दिवसभर तेच. वहिनी म्हणाल्या, "अहो, दिल्लीत सगळीच्या सगळी उचलणार आहेत. आपली तर ही पाचच. ड्रायव्हर उद्या पुण्याला चाललाय. वाटेत कुठेतरी सोडून देईल. हॉटेलं असतात, खायला मिळेल काहीबाही."

'खायला मिळेल काहीबाही.' हे वाक्य मला पाठ होतं. सदतीस वर्षांपूर्वी मीच ते बोलले होते.

१९८८ साली आम्ही माळीवाड्याजवळ एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. थोरला तीन वर्षांचा होता आणि धाकटी पोटात. वाड्याच्या दिंडी दरवाजाशी चंपी नावाची एक तांबूस कुत्री असायची. आमच्या सासूबाईंचं सोवळं कडक. कुत्रं उंबऱ्याच्या आत आलेलं त्यांना खपत नसे. पण रोज पहिली भाकरी गाईची आणि शेवटची चंपीची, हा नेम त्यांनी कधी चुकवला नाही. माझी कणीक कमी पडली तर स्वतःच्या ताटातली अर्धी बाजूला काढत.

त्या वर्षी चंपी आमच्या जिन्याखाली व्याली. तिचीही चारच पिल्लं होती. थोरला सारखा तिकडे धावायचा. मला सातवा महिना. रात्रभर पिल्लांचं कूं कूं, जिन्याखाली घाण, आणि चंपीचं गुरगुरणं. मीच ह्यांच्या मागे लागले, "कुठेतरी सोडून या. पोराला चावली म्हणजे?" हे आधी नको म्हणत होते. मग एका रात्री चंपी उकिरड्याकडे गेलेली बघून आम्ही दोघांनी पिल्लं गोणीत घातली. ह्यांनी गोणी लूनाच्या पुढे ठेवली आणि पुणे रस्त्याला केडगावच्या पुढे एका धाब्यामागे सोडून आले. मी म्हटलं, "धाबा आहे ना, मग खायला मिळेल काहीबाही."

जेमतेम तीन आठवड्यांची पिल्लं होती ती. डोळे उघडून आठ दिवस झाले असतील. त्या वयाच्या पिल्लाला आईच्या दुधावाचून काही खाता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या आईला, पोटुशी असलेल्या बाईला हे कळू नये? कळत होतं. मनाच्या एका कोपऱ्यात कळत होतं, म्हणूनच ते वाक्य मोठ्याने बोलले.

चंपी पुढचे आठ-नऊ दिवस वाडाभर हिंडत होती. दुधाने तटतटलेली. जिन्याखाली जायची, हुंगायची, बाहेर येऊन आमच्या दाराकडे बघत उभी राहायची. भुंकायची नाही. नुसती उभी. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "पिल्लं कुठे गेली गं?" मी म्हटलं, "तिनेच हलवली असतील." त्या काही बोलल्या नाहीत. दर गुरुवारी त्या साईबाबांची पोथी वाचत. शिर्डी आपल्याच जिल्ह्यातली, घरोघर ती पोथी. पुढे कधीतरी वाचताना तर्खडबाईंचा अध्याय आला. ऐन जेवणाच्या वेळी दारात आलेल्या भुकेल्या कुत्र्याला त्या बाईंनी भाकरी घातली, आणि बाबा त्यांना म्हणाले की आज तू मला पोटभर जेवू घातलंस. तिथे सासूबाई थांबल्या. चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "त्या चंपीला आज भाकरी तू घाल." त्यांना सगळं माहीत होतं.

ही गोष्ट मी माझ्या मुलांनासुद्धा सांगितली नव्हती. वहिनींनी गोणी मागितली आणि ती आपोआप तोंडाशी आली. पण त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "गोणी आहे, पण देत नाही. मला चार दिवस द्या. मी बघते काय करायचं ते." वहिनी जरा रागावूनच गेल्या.

चार दिवस मागितले खरे, पण करायचं काय हे कुठे ठाऊक होतं? मला आठवलं मुंबईचं हॉस्पिटल.

धाकटी लग्नानंतर लालबागला राहायला गेली. २०१७ च्या जानेवारीत तिच्या बाळंतपणासाठी मी तिथे होते. एका रात्री त्यांच्या चाळीसमोर एका कुत्र्याला टॅक्सीने उडवलं. मागचा पाय लोंबत होता. मी खिडकीतून हळहळत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची बँकेत नोकरी करणारी एक मुलगी खाली उतरली. हातात जुनी चादर. कुत्र्याच्या तोंडाला ओढणीची सैल पट्टी बांधली. दुखावलेलं जनावर मायेच्या माणसालाही चावतं, म्हणून आधी तोंड बांधायचं, हे मी तेव्हा शिकले. चादरीची झोळी केली. एकटीला उचलेना, म्हणून चपला घालून मीही खाली गेले. टॅक्सीवाल्याला तिने पत्ता सांगायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "बैलघोडा ना?"

परळच्या त्या जनावरांच्या हॉस्पिटलला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. १८८३ सालचं. सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकाने दिलेल्या देणगीतून ते उभं राहिलं आणि नाव दिलं त्यांच्या पत्नीचं. त्याआधी १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था निघाली होती. त्याच साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. मुंबई तेव्हा बैलांच्या नि घोड्यांच्याच बळावर चालत होती. ओझ्याखाली मोडलेल्या त्या जनावरांसाठी हे हॉस्पिटल, म्हणून ते बैलघोडा. आज बैलगाड्या गेल्या, टांगे गेले, पण आवारात गाईगुरं होती, घोडे होते, कुत्र्यामांजरांची तर रांगच होती. संक्रांत नुकतीच झालेली. मांजाने पंख कापलेले पक्षी खोक्यांतून घेऊन माणसं बसली होती. कॉलेजची पोरं, एक पोलीस हवालदार, काखेत मांजर धरलेली एक कोळीण. मी मनात म्हटलं, आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यासारखंच आहे की हे! तीच रांग, तीच काळजीची तोंडं.

कुत्र्याचा पाय बांधला, भरती करून घेतलं. मी समाधानाने म्हटलं, "बरं झालं बाई, आता हा इथेच राहील सुखाने." ती मुलगी हसली. "नाही काकू, बरा झाला की परत चाळीसमोर."

मला ते फारच निर्दय वाटलं. परत रस्त्यावर? मग एवढा खटाटोप कशाला? मोठ्या शहरात प्राण्यांचे आश्रम असतात, तिथे नेऊन घातलं की जनावर जन्माचं सुटलं, अशी माझी आपली समजूत. तिने टॅक्सीत बसून मला समजावलं. ते आज तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

निवारा म्हटला की एका जागी पुष्कळ जनावरं आली. एक आजारी आलं की पार्व्हो, डिस्टेंपर यांसारखे रोग वाऱ्यासारखे पसरतात. लहान पिल्लं तर पटापट जातात. कुत्रं हे आपल्या हद्दीचं जनावर. नव्या जागी, अनोळखी कुत्र्यांत नेऊन टाकलं तर भांडतं, नाहीतर कोपऱ्यात बसून खाणं सोडतं. शिवाय जागा किती? रोज दहा आली आणि दोन घरी गेली तर महिनाभरात पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून निवाऱ्याची जागा ठेवायची ती मोडलेल्यांसाठी, आंधळ्यांसाठी, रस्त्यावर जगूच न शकणाऱ्यांसाठी. बाकीच्यांना बरं करायचं, रेबीजची लस टोचायची, पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करायची, ओळख म्हणून कानाला छोटी खाच द्यायची, आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. २००१ च्या केंद्र सरकारच्या नियमांत हेच होतं आणि २०२३ च्या नव्या नियमांतही हेच आहे.

मुंबईने दुसरा मार्गही करून पाहिला होता. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी मंडळींनी शहरात दंगा केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. ती अजून चालू आहे. त्यानंतरही महापालिका वर्षानुवर्षं कुत्री मारतच राहिली. पुढे तर विजेचा धक्का देऊन मारत. तरी कुत्री काही संपली नाहीत. कचरा तिथेच, मग खाणारं जनावर दुसरीकडून येणारच! १९९४ च्या सुमारास मारणं थांबून शस्त्रक्रियांचा मार्ग धरला गेला. १९८५ पासून भटक्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' सारख्या संस्था त्यात होत्या.

"आणि तुमची संस्था कुठे आहे?" मी तिला विचारलं. ती म्हणाली, "कसली संस्था काकू! आम्ही सात-आठ जणी. एकीकडे गाडी आहे, एकीकडे न्हाणीघराशेजारी रिकामी खोली आहे, एक शिक्षिका दर महिन्याला पाचशे रुपये देते, आणि एक आजी आहेत त्या नुसता भात शिजवून देतात." हे मला फार आवडलं. आपली भिशी असते ना, तसंच.

तर वहिनी गेल्यावर मी त्या मुलीलाच फोन लावला. धीर करून विचारलं, "आमची पाच आहेत गं. मुंबईला पाठवली तर घेईल का कुणी?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू, असे फोन रोज येतात. बाहेरगावाहून माणसं गाडीत घालून आणतात आणि रात्री निवाऱ्याच्या फाटकाला बांधून जातात. सकाळी दार उघडावं तर पिल्लांचं खोकं. वाटतं की आपण आश्रमात पोचवलं. पण ते सोडूनच देणं असतं हो, फक्त पत्ता चांगला असतो."

मला ते टोचलं. केडगावचा धाबा काय आणि मुंबईचं फाटक काय!

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट यावरून आठवली. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ साली एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात पट्टा बसवला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं 'आजोबा'. सोडलेल्या जागी तो राहिलाच नाही. सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. २०११ मध्ये तिकडच्याच महामार्गावर एका वाहनाखाली तो गेला. २०१४ साली त्याच्यावर 'आजोबा' नावाचा सिनेमाही आला. सांगायचं एवढंच की, जनावर म्हणजे काही कपाटातलं सामान नव्हे, की इथून उचललं, तिथे ठेवलं, आणि आपलं काम संपलं. त्याला स्वतःची वाट असते.

मुलीने फोनवर मला चार कामं नेमून दिली, आणि मी ती किराणा मालाच्या यादीमागे लिहून घेतली. पहिलं, आईला पिल्लांपासून तोडू नका. आठ आठवडे ती तिच्याजवळच राहू देत. दुसरं, जिन्याखालून हलवा, पण गल्लीतल्या गल्लीत, मुलांच्या वाटेपासून दूर. आधी पिल्लं न्या, आईला ती दिसू द्या, म्हणजे ती मागोमाग येते. तिसरं, सहा आठवड्यांची झाली की पिल्लांना लस. चौथं, काळीचं दूध आटलं की तिची शस्त्रक्रिया.

आमच्या घरामागे धुणं वाळत घालायची पत्र्याची शेड आहे. वहिनींनी मागितलेली गव्हाची गोणी मी तिथे अंथरली. ह्यांनी पिल्लं टोपलीत घातली, ती काळीला दाखवत दाखवत मागे आणली. काळी गुरगुरत आली, पण आली. ती गोणीवर पसरली आणि चारी पिल्लं लुचायला लागली, तेव्हा मी घरात निघून गेले. मला ते बघवेना.

गल्लीत बोलणं झालं नाही असं नाही. एका रविवारी संध्याकाळी आमच्याच व्हरांड्यात सगळे जमले. वहिनींच्या सूनबाई म्हणाल्या, "तुम्हाला माया आहे, पण इंजेक्शनं आमच्या पोराने घेतली." काय उत्तर देणार? ते खरंच होतं. रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस वाचत नाही, आणि जगात रेबीजने जितकी माणसं जातात त्यातली सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात. कुत्र्यांची माया असलेल्यांनी हे विसरून चालत नाही. मी म्हटलं, "चूक माझीही आहे. काळीला गेली तीन वर्षं भाकरी मी घालते, पण तिची शस्त्रक्रिया करायचं माझ्या डोक्यात आलं नाही. नुसती भाकरी घालून पुण्य मिळवत बसले." मग ठरलं. काळीचं खाणं शेडच्या मागे, सकाळी सातला आणि रात्री आठला, दुसरीकडे कुणी काही टाकायचं नाही. खाऊन झालं की भांडं उचलायचं. कचऱ्याची बादली झाकून ठेवायची. लशीचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च वाटून घ्यायचा. २०२३ च्या नियमांतही वस्तीने मिळून खाण्याची जागा नि वेळ ठरवावी असंच आहे, हे मला मागाहून कळलं. पोळ्याच्या सुमारास, २२ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयानेही आपला आदेश बदलला. पिसाळलेली आणि अंगावर येणारी कुत्री सोडून बाकीची शस्त्रक्रिया नि लस करून मूळ जागी सोडावीत, असं सांगितलं. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारांतली कुत्री मात्र तिथून हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. म्हणजे निवारे लागणारच आहेत. पण सगळ्यांना पुरतील एवढे कुठून आणणार?

इथवर सगळं गोड वाटतं ना? पण मैत्रिणींनो, माझ्या हातून पुन्हा चूक झालीच. लशीची वेळ नेमकी गौरी-गणपतीत आली. घरात पाहुणे, पुरणावरणाचा स्वयंपाक. म्हटलं, गौरी जाऊ देत, मग नेऊ. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी सर्वांत धीट, पांढऱ्या पायाचं पिल्लू मलूल पडलं. उलट्या, रक्ताचे जुलाब. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, पार्व्हो. दोन दिवस सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. वहिनींचा नातू, ज्याला काळी चावली होती तोच, सकाळी बिस्किट घेऊन बघायला आला होता. त्याला काय सांगायचं मला सुचेना.

उरलेल्या तिघांना लशी टोचून घेतल्या आणि ती वाचली. नवरात्रात एक पिल्लू भिंगारच्या एका कुटुंबात गेलं. दुसरं राहुरीकडच्या एका वस्तीवर गेलं. तो शेतकरी आधी नको म्हणत होता. "बाई, आमच्याकडे उसात बिबट्या, कुत्री उचलून नेतो," म्हणाला. रात्री घरात बांधीन असं कबूल केलं तेव्हाच मी दिलं. तिसरी, कुणीच न घेतलेली, आमच्याच दारात आहे. कुत्री म्हणून कुणी घेतली नाही. मुलगी म्हटली की जनावरांतही तीच कथा. काळीची शस्त्रक्रिया दसऱ्यानंतर झाली. कानाला खाच आहे. आता ती पुन्हा पूर्वीसारखी गरीब झाली आहे. वहिनी अजून तिच्या वाटेने जात नाहीत, पण परवा उरलेली पोळी कागदात गुंडाळून माझ्याकडे देऊन गेल्या. "तुमच्या त्या बाईला घाला," म्हणाल्या.

यातून शिकलेल्या चार गोष्टी लिहिते, कुणाच्या उपयोगी पडतील. कुत्र्याने चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना, तेल काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना लस घ्यायची. बरं वाटतंय म्हणून शेवटची चुकवायची नाही. कुत्र्याला कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट घालू नये. जनावराच्या जखमेवर फिनाईल ओतू नये, ते चाटलं तर विष आहे. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नये, ती त्याच्या जिवावर बेतते. आणि जनावर कुठे सोडायचा विचार मनात आलाच तर लक्षात ठेवा, उपाशी मरेल अशा जागी जनावर टाकून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून संसदेत पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या एक बाईच, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल. कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. म्हणजे १९८८ च्या त्या रात्रीची माझी शिक्षा जास्तीत जास्त पन्नास रुपये. मी आजवर त्याहून पुष्कळ जास्त भरली असेन.

आता आपल्या जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव मिळालं आहे, २०२४ साली. त्यांचा जन्म आपल्या चौंडीचा. माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याविषयी लिहून ठेवलंय की, महेश्वरच्या आसपास नांगर ओढणारे बैल थांबवून त्यांना पाणी पाजायला बाईंचा माणूस शेतात यायचा, आणि पाखरांनी दाणे टिपावेत म्हणून बाईंनी शेतं विकत घेऊन ठेवली होती. बैल शेतातच राहिले, पाणी त्यांच्यापर्यंत गेलं. पाखरं शेतातच राहिली, शेत त्यांच्या नावाचं झालं. त्या मुंबईच्या मुलीने मला टॅक्सीत सांगितलं ते याहून वेगळं काय होतं?

एक सांगायचं राहिलं. पांढऱ्या पायाचं पिल्लू गेलं त्या दिवशी ह्यांनी घरामागे खड्डा केला. माती लोटून झाल्यावर फावड्यावर हात टेकून उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "केडगावच्या पुढचा तो धाबा आता नाही. रस्ता रुंद झाला त्यात गेला."

पुण्याला जाताना त्या जागी गाडी आली की मी नेहमी खिडकीतून तिकडे बघते. मला वाटायचं, फक्त मीच बघते. सदतीस वर्षं हेही बघत होते.